विषुववृत्तावरचा पाऊस थांबत का नाही?

शाळेच्या भूगोलात हे प्रकरण एका ओळीत उरकलेलं असतं. विषुववृत्तावर सूर्यकिरण लंबरूप पडतात, म्हणून तिथे उष्ण आणि दमट हवामान असतं, रोज दुपारी आरोह पाऊस पडतो आणि म्हणून घनदाट जंगलं वाढतात. झालं, पुढचा धडा. चूक काहीच नाही त्यात, पण ते उत्तर अर्धवट आहे. नुसती उष्णताच बघायची तर सहारा वाळवंट विषुववृत्तापेक्षा जास्त तापतं, आणि विषुववृत्ताजवळ असणं एवढंच पुरत असेल तर मोगादिशूचं काय करायचं? सोमालियाची ही राजधानी विषुववृत्तापासून जेमतेम दोन अंशांवर, शिवाय समुद्राला लागून, तरी तिथे वर्षभरात साधारण ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आणि तेवढ्याच अंतरावरच्या सिंगापूरला २००० मिलिमीटरच्या वर. सूर्य तोच, रेषा तीच, मग हा फरक कुठून आला?

मला वाटतं आपण प्रश्नच जरा चुकीचा विचारतो. तिथे इतका पाऊस का पडतो, हे समजायला तसं सोपं आहे, जगात बऱ्याच ठिकाणी धो धो पडतो. अवघड भाग हा आहे की तो थांबत का नाही.

हे मी मनाने म्हणत नाहीये, व्याख्याच तशी आहे. व्लादिमिर कोपेन म्हणून एक हवामानशास्त्रज्ञ होते, जन्म १८४६ चा, रशियातला, पुढचं बरंचसं काम जर्मनीत. त्यांचा मूळ अभ्यास झाडांचा, त्यामुळे जगाच्या हवामानाचे गट पाडताना त्यांनी झाडांना काय झेपतं हे डोळ्यासमोर ठेवलं. त्यांच्या पद्धतीत वर्षावनाचं हवामान म्हणजे काय तर वर्षातल्या बाराही महिन्यांचं सरासरी टेम्परेचर १८ डिग्री किंवा वर, आणि सगळ्यात कोरड्या महिन्यातसुद्धा कमीत कमी ६० मिलिमीटर पाऊस. बस्स. वर्षाला एकूण किती पडावा याची अट इथे नाहीच. म्हणजे चार महिन्यांत चार हजार मिलिमीटर कोसळला आणि उरलेले आठ महिने ठणठणाट असेल तर ते ठिकाण या गटात बसत नाही, ते मान्सूनच्या गटात जातं. गंमत म्हणजे ॲमेझॉनच्या जंगलाच्या मधोमध वसलेलं मानाउस शहर, वर्षाला २३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण ऑगस्ट महिना त्या ६० च्या जरा खाली येतो आणि काटेकोर बघितलं तर मानाउस नापास! एका महिन्याने.

तर आता उन्हापासून सुरू करू, कारण इंजिन तेच आहे.

टॉर्च भिंतीवर सरळ धरला तर लहान आणि झगझगीत गोल पडतो, तिरका धरला की तोच उजेड लांबट आणि फिका होतो. टॉर्च तोच, सेल तेच, फक्त पसारा वाढला. संपाताच्या दिवशी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, दुपारी ६० अंश अक्षांशावर तेवढंच ऊन विषुववृत्ताच्या दुप्पट जागेवर पसरतं. हे सगळ्यांना माहीत असतं. जे सहसा सांगत नाहीत ते असं, की विषुववृत्तावर ऊन जास्त असण्यापेक्षा ते वर्षभर जवळपास सारखं असणं जास्त महत्त्वाचं आहे. तिथे दुपारचा सूर्य वर्षभरात कधीच ६६ अंशांच्या खाली उतरत नाही, आणि दिवस कायम बारा तासांचा, फार तर काही मिनिटं इकडे तिकडे. उन्हाळ्यात उत्तरेकडच्या देशांना दिवस लांबल्यामुळे एकूण ऊन विषुववृत्तापेक्षाही जास्त मिळू शकतं, पण मग हिवाळ्यात सगळंच बंद. विषुववृत्तावर सुट्टी नाही. सिंगापूरला सगळ्यात गरम आणि सगळ्यात गार महिन्याच्या सरासरीत दोनेक डिग्रीचा फरक असतो, तर एकाच दिवसात दुपार आणि पहाट यांच्यात सहा-सात डिग्रीचा. म्हणूनच म्हणतात की रात्र हाच तिथला हिवाळा.

मग एवढं ऊन बारा महिने पडतंय तर तिथे ४५-५० डिग्री का होत नाही? वर्षावनात दुपारी ३१-३३ वर गाडी अडते. याचं उत्तर कळलं की निम्मा विषय संपला असं समजा.

घाम आला आणि वारा लागला की गार वाटतं, कारण घामाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती आपल्या अंगातून जाते. पाणी या बाबतीत भयंकर खादाड आहे. एक किलो पाणी शून्य डिग्रीपासून शंभर डिग्रीपर्यंत तापवायला सुमारे ४.२ लाख ज्यूल लागतात, आणि तेच एक किलो पाणी साध्या हवेच्या टेम्परेचरला वाफ करून उडवायला २४ लाख. जवळजवळ सहा पट. वर्षावनात जमिनीवरून आणि पानांवरून मिळून दिवसाला साधारण ४ मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं, म्हणजे दर चौरस मीटरला ४ किलो, आणि हिशोब केला तर त्यासाठी लागलेली उष्णता होते पावणेतीन युनिट विजेइतकी. एका चौरस मीटरवर दिवसभरात पडणारं ऊनच तिथे साडेचार-पाच युनिटांचं असतं. म्हणजे अर्ध्याहून जास्त ऊन पाण्याने खाऊन टाकलं, हवा तापवायला उरलं काय? वाळवंटात हे पाणीच नसतं, म्हणून तिथली सगळी मिळकत वाळू आणि हवा तापवण्यात जाते आणि पारा चढतो.

पण खाल्लेली उष्णता नाहीशी होत नाही, ती वाफेत लपून बसते. पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हणतात, लेटंट हीट. हा लपलेला माल वर जाऊन कुठेतरी बाहेर पडणार, आणि तो बाहेर पडतो तेव्हाच सगळा तमाशा होतो.

एक हवेचा गोळा धरू, मोठा फुगा समजा पण रबर नसलेला. सकाळचे अकरा वाजलेत, जंगलावरची हवा ३० डिग्रीला आहे आणि त्यात इतकी वाफ आहे की ती २४ डिग्रीपर्यंत गार झाली की दव पडायला लागेल. गोळा आजूबाजूपेक्षा किंचित गरम, म्हणून हलका, म्हणून वर निघाला. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे तो फुगतो, आणि फुगताना गार होतो (सायकलच्या ट्यूबमधून हवा सोडली की ती गार लागते ना, तेच). कोरडा असेपर्यंत तो दर किलोमीटरला जवळपास १० डिग्रीने गार होतो. साधारण पाऊण किलोमीटरवर पोचला की वाफ हवेत मावेनाशी होते आणि बारीक बारीक थेंब होतात. इथे ढगाचा तळ. दुपारचे ढग खालून असे सपाट, फूटपट्टीने कापल्यासारखे का दिसतात तर सगळे गोळे साधारण त्याच उंचीवर पोचून ढग होतात.

खरी मजा इथून पुढे आहे. थेंब झाले की ती लपलेली उष्णता सुटते आणि गोळ्यालाच आतून गरम करते. आता तो दर किलोमीटरला १० नाही तर ४-५ डिग्रीनेच गार होतो, आजूबाजूची हवा मात्र उंचीबरोबर त्यापेक्षा जास्त वेगाने गार होत गेलेली असते, म्हणजे गोळा वर जाईल तसा तुलनेने आणखीच गरम आणि हलका ठरतो आणि अजून जोरात वर सुटतो. स्वतःचं इंधन स्वतः घेऊन निघालेला फुगा. तो थांबतो कुठे, तर १६-१७ किलोमीटरवर, जिथे टेम्परेचर उणे ७०-८० डिग्री असतं आणि त्याच्या वर हवा पुन्हा गरम व्हायला लागते म्हणून छत लागतं. ध्रुवांकडे हेच छत ८-९ किलोमीटरवर असतं. त्या छताला धडकून ढगाचा माथा आडवा पसरतो, लोहाराच्या ऐरणीसारखा. इतक्या थंडीत हवेत वाफ जवळपास राहूच शकत नाही. ३० डिग्रीला एक घनमीटर हवेत ३० ग्रॅम वाफ मावते, शून्य डिग्रीला ५ ग्रॅमसुद्धा नाही, आणि उणे सत्तरला तर नावापुरती. म्हणजे हवा वर जाता जाता अक्षरशः पिळून निघते.

खाली उभं राहून बघितलं तर हे असं दिसतं. पहाटे झाडांच्या शेंड्यांवर धुकं. सहाच्या सुमारास उजाडतं, आठ-नऊपर्यंत धुकं विरतं आणि आकाश स्वच्छ. दहाला छोटे छोटे कापसाचे पुंजके, एकमेकांशी ओळख नसल्यासारखे. बाराला त्यातले काही मोठे होतात, बाकीचे विरघळतात. दीड-दोनला एखादा ढग बघता बघता डोंगर होतो, खालून काळानिळा. मग अचानक गार वाऱ्याचा झोत येतो, कारण पावसाबरोबर वरची थंड हवा खाली आपटून पसरते, पाच-सात डिग्री टेम्परेचर काही मिनिटांत उतरतं, आणि मागोमाग पाऊस. कधी वीस मिनिटं, कधी दोन तास. मग जंगल ठिबकत राहतं आणि त्या ओल्या पानांवरून दुसऱ्या दिवशीच्या ढगाची तयारी सुरू.

अर्थात 'रोज दुपारी ठरलेल्या वेळी' हे जरा पुस्तकीच आहे. ॲमेझॉनमध्ये किनाऱ्यावर दुपारी तयार झालेल्या वादळांच्या लांबलचक रांगा आत आत सरकत जातात आणि शेकडो किलोमीटर आत असलेल्या गावाला त्या मध्यरात्री गाठतात. इंडोनेशियाच्या बेटांवर दुपारी पडतो आणि बेटांमधल्या समुद्रावर रात्री-पहाटे.

या उंच ढगांबद्दल १९५८ साली हर्बर्ट रील आणि जोआन मॅल्कस या हवामानशास्त्रज्ञांनी एक भारी गोष्ट मांडली. जोआन, ज्या पुढे जोआन सिम्प्सन नावाने प्रसिद्ध झाल्या, या हवामानशास्त्रात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या अमेरिकन बाई. प्रश्न असा होता की विषुववृत्तावरची एवढी उष्णता वर जाते कशी, कारण मधल्या उंचीवरची हवा तुलनेने कोरडी असते, तिच्यातून हळूहळू झिरपत वर जाणं जमत नाही. त्यांनी दाखवलं की संपूर्ण पट्टा एकसारखा वर उचलला जातच नाही, तर मोजके ढग, पृथ्वीभर एका वेळी दीड हजार ते पाच हजार, हे उभे पाइप असल्यासारखे खालचा माल थेट वर पोचवतात. त्यांना नाव दिलं हॉट टॉवर्स. एवढ्याशा मनोऱ्यांवर सगळ्या पृथ्वीचं हवेचं चक्र चालतं हे मला अजूनही अविश्वसनीय वाटतं.

आणि चक्र म्हणजे काय, तर हवा वर गेली की खाली जागा रिकामी होते, दाब कमी होतो, आणि उत्तर-दक्षिण दोन्हीकडून हवा तिथे धावते. पृथ्वी फिरते म्हणून ती सरळ न येता पूर्वेकडून तिरकी येते, हेच व्यापारी वारे. हे असं का होतं ते १७३५ साली जॉर्ज हॅडली यांनी मांडलं, पेशाने वकील असलेले इंग्रज गृहस्थ, हवामानाचा नुसता नाद. त्यांच्या गणितात चुका होत्या आणि त्यांना वाटलं होतं की वर गेलेली हवा थेट ध्रुवापर्यंत जाते. ती तशी जात नाही. वरून ध्रुवाकडे निघालेली हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळत वळत जोरदार वाऱ्याचा झोत होते आणि ३० अंशांच्या आसपास तिचं पुढे जाणंच खुंटतं, तिथे ती खाली बसते. खाली बसताना दाबली जाते, तापते, आणि पाणी तर तिने आधीच विषुववृत्तावर ओतलेलं असतं. सहारा, अरबस्तान, कलहारी, ऑस्ट्रेलियाचा मधला भाग, ही सगळी वाळवंटं या उतरत्या हवेखाली आहेत. हॅडली चुकले पण मूळ कल्पना पक्की होती, म्हणून चक्राला आजही त्यांचंच नाव आहे.

दोन्हीकडचे वारे जिथे एकमेकांना भेटतात तो पट्टा म्हणजे पावसाचा पट्टा. शिडाच्या जहाजांच्या काळात खलाशी याला घाबरायचे कारण तिथे हवा आडवी वाहतच नाही, वर जाते, आणि जहाज दिवसेंदिवस जागच्या जागी. हा पट्टा सूर्याच्या मागे मागे वर्षभर उत्तर-दक्षिण फिरतो, थोडा उशिराने. समुद्रावर तो बहुतेक वेळ विषुववृत्ताच्या जरा उत्तरेलाच असतो, कारण महासागरातले प्रवाह एकूणात उत्तर गोलार्धाला जास्त उष्णता पोचवतात.

आता 'थांबत का नाही' याचं निम्मं उत्तर इथे मिळतं. तुम्ही १५ अंश उत्तरेला असाल तर हा पट्टा वर्षातून एकदा येतो, काही महिने राहतो आणि जातो, मग कोरडा काळ, म्हणून तिथे गवताळ प्रदेश. विषुववृत्ताच्या पाच-सात अंश आजूबाजूला असाल तर पट्टा जाताना एकदा आणि येताना एकदा भेटतो, आणि मधल्या काळातही फार लांब जात नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी वर्षात पावसाचे दोन चढ दिसतात आणि मध्ये उतार, पण पूर्ण बंद कधीच नाही.

उरलेलं निम्मं उत्तर मात्र वाऱ्यात नाही, हिशोबात आहे. समजा वर्षावनाच्या डोक्यावरची सगळी हवा, जमिनीपासून वर छतापर्यंत, एका दमात पिळली तर किती पाणी निघेल? साधारण ५०-६० मिलिमीटर. आणि २३०० मिलिमीटर वर्षाला म्हणजे दिवसाला सहाच्या थोडं वर. म्हणजे बाहेरून काहीच आलं नाही तर आठ-नऊ दिवसांत टाकी रिकामी! इतका छोटा साठा आहे तो. सूर्य कितीही तापू दे, पुरवठा अखंड नसेल तर खेळ आठवड्याभरात आटोपतो.

तर पुरवठा दोन वाटांनी होतो. पहिली वाट समुद्राची. ॲमेझॉनचं खोरं पूर्वेला अटलांटिककडे उघडं आहे, मध्ये डोंगर नाहीत, व्यापारी वारे ओलावा घेऊन थेट आत शिरतात आणि तीनेक हजार किलोमीटर पश्चिमेला अँडीज पर्वताच्या भिंतीवर आपटतात. नकाशाच जणू पाऊस अडवायला काढलाय. किती ओलावा येतो याचा ढोबळ अंदाज नदीवरून येतो, कारण नदीतून जेवढं पाणी समुद्रात जातं तेवढं वाऱ्याबरोबर आत आलंच पाहिजे, नाहीतर खोरं आटत जाईल. ॲमेझॉन नदी सेकंदाला सुमारे दोन लाख घनमीटर पाणी समुद्रात टाकते, जगातल्या सगळ्या नद्या मिळून जेवढं टाकतात त्याच्या साधारण पाचवा हिस्सा. हे पाणी सगळ्या खोऱ्यावर पसरलं तर दिवसाला तीनेक मिलिमीटर. म्हणजे सहा मिलिमीटर पावसातला जवळपास निम्मा यातून सुटतो. मग बाकीचा?

बाकीचा जंगल स्वतः बनवतं. १९७० च्या दशकात ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी हे पावसाच्या पाण्यातल्या समस्थानिकांवरून दाखवलं. पाण्याचे काही रेणू जरा जड असतात, त्यात जड जातीचा ऑक्सिजन असतो, आणि ढगातून पाऊस पडताना हे जड रेणू आधी पडतात. त्यामुळे समुद्रावरून निघालेला ढग जसजसा आत जाऊन पाऊस टाकत जातो तसतसं त्याच्या पावसात जड रेणू कमी कमी व्हायला हवेत. सालातींनी अटलांटिकपासून आत आत नमुने घेतले तर हे कमी होणं अपेक्षेपेक्षा फारच थोडं निघालं. याचा अर्थ पडलेलं पाणी कोणीतरी पुन्हा वर पाठवतंय, जड रेणूंसकट. झाडं मुळांनी पाणी ओढतात आणि पानांच्या छिद्रांतून वाफ सोडतात, मुळाशी जे आलं ते जवळजवळ तसंच वर जातं, म्हणून ढगाला जड रेणू परत मिळतात. एक मोठं झाड दिवसाला शेकडो लिटर पाणी असं हवेत सोडतं. सालातींच्या हिशोबाने खोऱ्यातला साधारण निम्मा पाऊस असा पुन्हा वापरातला होता, नंतरच्या काही अभ्यासांत हा आकडा कमी आलाय, पाव ते निम्मा असं धरून चाला. तोच तोच पाऊस पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना पुन्हा पुन्हा पडतो.

२०१७ मध्ये तर याहून पुढची गोष्ट आली. दक्षिण ॲमेझॉनमध्ये पावसाचा पट्टा पोचायच्या दोन-तीन महिने आधीच पावसाळा सुरू होतो, हे कोडं जुनं होतं. सॅटेलाइटवरून वाफेतला जड हायड्रोजन मोजला तेव्हा कळलं की त्या दिवसांतली वाफ समुद्राची नाही, झाडांची आहे. कोरड्या महिन्यांच्या शेवटी झाडं नवी पानं काढतात, वाफ सोडतात, त्यातून छोटे ढग होतात, ते वरची हवा ओली आणि गरम करतात, मग मोठे ढग, आणि मग ती उठणारी हवा समुद्रावरचे वारे आत खेचायला मदत करते. थोडक्यात, पावसाची वाट न बघता जंगल पाऊस बोलावतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं होतं.

थेंब जमायला हवेत बारीक कण लागतात, तेही जंगलच पुरवतं, झाडांतून सुटणाऱ्या वायूंपासून बनलेले कण, बुरशीचे बीजाणू, परागकण. हे सगळं मोजायला मानाउसपासून दूर जंगलात ३२५ मीटर उंचीचा मनोरा उभा केलाय, २०१५ पासून.

आता सुरुवातीच्या मोगादिशूकडे परत येऊ. तिथे दोन्ही वाटा बंद आहेत. पूर्व आफ्रिकेवर पावसाचा पट्टा फार लांबलांब झोके घेतो, एकदा पार दक्षिणेला, एकदा पार उत्तरेला, आणि मोगादिशूवरून वर्षात दोनदा घाईघाईने पार होतो. उरलेला वेळ वारे किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतात, आत शिरतच नाहीत, त्यामुळे हवा वर उठायला कारण मिळत नाही. पाऊस नाही म्हणून जंगल नाही, जंगल नाही म्हणून पाणी परत वर पाठवणारं कोणी नाही.

गालापागोस बेटं तर ऐन विषुववृत्तावर, चारी बाजूंनी समुद्र, आणि किनाऱ्याजवळचा भाग काटेरी निवडुंगाचा. कारण तिथे समुद्रच गार आहे, दक्षिणेकडून थंड प्रवाह येतो आणि खोलातलं थंड पाणी वर येतं. गार पाण्यावरची हवा जड, ती वर कशाला जाईल? विषुववृत्तावर पेंग्विन राहतात म्हणजे बघा. आणि क्विटो, इक्वाडोरची राजधानी, विषुववृत्तापासून पंचवीसेक किलोमीटरवर, पण २८५० मीटर उंचीवर, म्हणून सरासरी १४-१५ डिग्री, कोपेनच्या पहिल्याच अटीत बाद.

उलट गालापागोसपासून फार लांब नाही असा कोलंबियाचा पॅसिफिक किनारा, चोको, तिथे सगळंच जुळून आलंय. गरम समुद्र, समुद्रावरून थेट आत येणारा वारा, लगेच मागे अँडीजची भिंत. तिथल्या किब्दो शहरात वर्षाला ७०००-८००० मिलिमीटर पाऊस पडतो, सिंगापूरच्या तिपटीहून जास्त. काँगोचं खोरं याच्या दुसऱ्या टोकाला, जंगल अफाट पण पाऊस १५००-२००० च्या घरात, समुद्राचा ओलावा तिथे कमी पोचतो, म्हणून तिथलं जंगल स्वतःच्या वाफेवर फारच अवलंबून. वादळं मात्र तिथली जास्त उग्र, विजा पडण्यात काँगो जगात अगदी वरच्या नंबरांत.

आणि इंडोनेशिया-मलेशियाच्या भागात जगातलं सगळ्यात गरम समुद्राचं डबकं आहे, वर्षभर २८ डिग्रीच्या वर. विषुववृत्तावर हवेचं आणखी एक चक्र आडवं चालतं, या गरम डबक्यावर हवा वर, आणि दक्षिण अमेरिकेजवळच्या गार समुद्रावर खाली. गिल्बर्ट वॉकर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखलं जातं. एल निनोच्या वर्षी गरम पाणी पूर्वेकडे सरकतं आणि त्याच्याबरोबर ढगही. मग ज्या जंगलांनी कोरडा महिना बघितलेला नसतो त्यांच्यावर चार-चार महिने पाऊस रुसतो. १९९७ आणि २०१५ मध्ये इंडोनेशियात मोठमोठे वणवे लागले, ओलं जंगल असं सहजी पेटत नाही पण तोडलेलं आणि पाणी काढून कोरडं केलेलं लगेच पेटतं. हजारो वर्षं साठलेल्या अर्धवट कुजलेल्या मातीलाच आग लागते, ती आतल्या आत धुमसत राहते आणि पाऊस आल्याशिवाय विझत नाही.

२०२३ मध्ये ॲमेझॉनची पाळी आली. एल निनो, जोडीला उत्तर अटलांटिक नेहमीपेक्षा गरम, त्यामुळे पावसाचा पट्टा उत्तरेला ओढला गेला. मानाउसला रिओ नेग्रो नदीची पातळी १९०२ पासून रोज नोंदवली जाते, त्या सगळ्या नोंदींत ऑक्टोबर २०२३ ची पातळी सगळ्यात खाली गेली, आणि पुढच्याच वर्षी २०२४ मध्ये तोही आकडा मोडला. पाणी उतरलं तसे शहराजवळच्या काठावरचे खडक उघडे पडले आणि त्यांवर माणसांचे चेहरे कोरलेले दिसले, डोळे, तोंड, सगळं स्पष्ट. हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीचे असावेत असा तज्ज्ञांचा अंदाज. २०१० च्या दुष्काळातही त्यातले काही दिसले होते. पाण्याखाली बसून कोणी खडक कोरत नाही, म्हणजे ते कोरले तेव्हाही नदी अशीच खाली गेलेली असणार.